देवीलालच्या नावचा गाळा

पांढरकवडा
१४ मार्च १९६५

देवीलाल भियाला नेमसिंगचा राम राम.

तुझा पत्ता हिरासिंगने दिला. त्याचा ट्रक आदिलाबादच्या लाकूड डेपोत जातो. फाटकावर तू चौकीदार म्हणून बसलेला दिसलास, असं तो म्हणाला. सहा वर्षांनी सख्ख्या भावाला पत्र लिहितो आहे. मी शाळेतल्या मराठीत लिहितो. बोलतो तसं लिहायला हात वळत नाही.

काम असं आहे. हाउसिंग बोर्डानं आपल्या मजूर वसाहतीतले गाळे विकायला काढले आहेत. आजवर भाडं भरत होतो, आता ज्याला पाहिजे त्यानं हप्त्यानं विकत घ्यायचा. जो घेणार नाही त्याला खाली करावा लागेल. अर्जाची मुदत जूनअखेर आहे. पण गाळा त्यालाच मिळतो ज्याच्या नावानं भाड्याची पावती निघते. सतरा नंबरची पावती अजून 'देवीलाल धावजी आडे' याच नावानं निघते.

तू गेल्यापासून भाडं मी भरतो, तुझ्याच नावानं. नाव बदलायला गेलो असतो तर तू कुठं आहेस, का गेलास, असे प्रश्न निघाले असते. वसुलीचे कारकून नानाजी सगळं जाणतात. पहिल्यांदा त्यांनी विचारलं, "देवीलाल कुठं आहे?" मी म्हणालो, कामावर गेला आहे. त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही.

सोबत संमतीपत्र पाठवतो. भाऊ नेमसिंग याच्या नावे गाळा करण्यास माझी हरकत नाही, असा मजकूर आहे. पेन्सिलीनं फुली मारली आहे तिथं सही कर. तुझ्या नावावर माझा काही हक्क नाही, हे मला समजतं. तरी लिहितो आहे, कारण दुसरा रस्ता नाही.

घरचं सांगतो. रुपीबाई बरी आहे. आम्हाला दोन मुली आहेत. मी कापसाच्या जिन-प्रेसमध्येच आहे, आता इंजिनखोलीत. वसाहतीत वीज आली. नळ अजून चौकातच आहे.

याडी गेली. आई गेल्याचं तुझ्या कानावर आलं असेल. बासष्टच्या कार्तिकात, गाळ्यातच गेली. शेवटपर्यंत तिला भिंतीपलीकडच्या माणसाचं खोकणं ऐकू येण्याची सवय झाली नाही. आपली बकरी ती दारावरच्या नंबराच्या पाटीखाली बांधायची, म्हणजे वसुलीवाल्यानं आकडा पाहायला जवळ येऊ नये. मी तेव्हा तुला कार्ड टाकलं होतं. कोणी आलं नाही, म्हणून पत्ता चुकला असेल असं समजलो.

हंसाबाई वहिनीला नमस्कार. सही लवकर पाठव.

नेमसिंग


पांढरकवडा
११ एप्रिल १९६५

देवीलाल भिया,

संमतीपत्र पोचलं. सोबत चिठ्ठी असेल म्हणून लिफाफा उलटा करून झटकला. नव्हती.

तू इतक्या लवकर सही करशील असं वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर तू कागद फाडून परत पाठवशील असं वाटलं होतं. तसं केलं असतंस तर मला काय करायचं ते समजलं असतं.

कागद घेऊन मी यवतमाळच्या ऑफिसात गेलो. तिथल्या कारकुनानं सत्तावन्न सालचा तुझा पहिला अर्ज काढला आणि दोन्ही सह्या शेजारी ठेवल्या. जुनी सही तुला आठवते का? शेवटच्या 'ल'ची शेपटी तू कागदाच्या काठापर्यंत ओढली होतीस. नव्या सहीत अक्षरं डावीकडे कललेली आहेत.

कारकून म्हणाला, "हे एका माणसाच्या हातचं नाही."

मी म्हणालो, "माणूस एकच आहे. हात दुसरा आहे."

त्याला वाटलं मी चेष्टा करतो. मग मी सांगितलं की जिनात उजव्या हाताची बोटं गेली. तो चांगला माणूस आहे. म्हणाला, "मला पटतं हो. पण फाइलीला कसं पटणार? त्यांना एकदा साहेबांसमोर आणा. आणि अर्ज केला त्यानंतर हात गेला, असा एक कागद आणा. दवाखान्याचा असो की कारखान्याचा. म्हणजे साहेब नवी सही मान्य करतील."

दवाखान्यातून तुला सोडलं तेव्हा चिठ्ठी दिली होती. ती तुझ्याजवळ असेल तर सांग. तीच चिठ्ठी दाखवली की काम होईल, दुसरा काही कागद काढावा लागणार नाही.

रुपीबाईनं मागच्या अंगणात भेंडी लावली आहे. गाळा आपला होणार असं ती धरूनच चालली आहे. मी तिला काही बोलत नाही.

नेमसिंग


पांढरकवडा
६ मे १९६५

देवीलाल भिया,

तुझं कार्ड मिळालं. 'चिठ्ठी नाही. ठेवली नव्हती.' एवढंच लिहिलं आहेस. डाव्या हातानं तेवढं लिहायलाही वेळ लागला असेल.

दवाखान्यात जाऊन आलो. इतके जुने कागद ते ठेवत नाहीत. राहिली फक्त प्रेसमधली चौकशीची फाइल. ऑफिसातून नक्कल मागितली, मिळाली. चार पानं आहेत. पहिल्या पानावर अपघाताची तारीख, तुझं नाव, कोणती बोटं गेली ते. दुसऱ्यावर फोरमनचं म्हणणं. तिसऱ्यावर तुझं. तुझं म्हणणं तीन ओळींचं आहे. 'मी जिनाचं चामडं बदलत होतो. जिन चालू झाला. कोणी चालू केला ते मी पाहिलं नाही.' चौथ्या पानावर माझी जबानी आहे.

ती इथं उतरवून काढतो. तुला ती कोणी तरी तोंडी सांगितली असेल, शब्द माहीत नसतील.

'माझा भाऊ देवीलाल त्या दिवशी दारू पिऊन कामावर आला होता. चालू जिनात हात घालू नको असं मी त्याला म्हटलं. त्यानं ऐकलं नाही.' खाली माझी सही. साक्षीदार फोरमन.

नक्कल आणून मी पिठाच्या डब्याखाली ठेवली आहे. यवतमाळच्या ऑफिसात दिलेली नाही.

तू येऊ नकोस, असं मला वाटतं. मुदत जाऊ दे. वसाहतीबाहेर भाड्यानं खोली मिळते. रुपीबाई विचारते, "कागद भेटला म्हनता, मंग देत काहून नाही?" मी तिला सांगितलं की शिक्का बरोबर उमटला नाही.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं की याडी गेली तेव्हा कार्ड टाकलं. ते टाकलं नव्हतं. तुझा पत्ताही हिरासिंगनं यंदा दिला असं नाही. साठ सालापासून माझ्याजवळ होता. याडी पंधरा दिवस अंथरुणावर होती. तू आला असतास तर तिनं तुला विचारलं असतं, आणि तू तिच्यासमोर उभा राहून सांगितलं असतंस. म्हणून टाकलं नाही.

नेमसिंग


पांढरकवडा
२ जून १९६५

देवीलाल भिया,

हिरासिंग निरोप घेऊन आला. 'अठरा तारखेला यवतमाळच्या ऑफिसात येतो, नेमसिंगला कागद आणायला सांग.' मी येऊ नकोस लिहिलं, तरी तू येतोस. ठीक आहे. आदिलाबादहून पहाटेची गाडी धर, पांढरकवड्याला बदल. घरी उतरायचं असेल तर उतर. नसेल तर मी सरळ ऑफिसात भेटतो.

तू यायच्या आधी एक गोष्ट लिहून ठेवतो. समोरासमोर माझ्यानं होणार नाही.

तुझ्या जिनाचा पट्टा मोकळ्या चाकावर होता, म्हणजे जिन बंद होता. तू आत हात घालून रोलरचं चामडं बदलत होतास. मी पट्टा सरकवायच्या दांड्याजवळ उभा होतो. तुझी हाक आल्याशिवाय दांडा ओढायचा नाही, हे मला तूच शिकवलं होतंस. कापसाचा ढीग छातीएवढा झाला होता. फोरमन मागून ओरडला, "झोपला का बे? ओढ!" मी ओढला. तुझी हाक आली नव्हती. मग जी आली ती हाक नव्हती.

चौकशीच्या आदल्या दिवशी फोरमननं मला गोदामामागं नेलं. म्हणाला, "खरं सांगशील तर तू जाशील. तो तर आता कामाचा राहिलाच नाही. दोघंही गेले तर गाळाही जाईल, प्रेसच्या मजुराचा आहे तो. तुझ्या आईला घेऊन परत तांड्यावर जा मग. एकजण तरी राहा." मी विचारलं, मग काय सांगू? तो म्हणाला, प्यायला होता म्हण, म्हणजे कंपनीवर काही येत नाही, तुझ्यावरही नाही.

तुझी जबानी माझ्या आधी झाली होती. तू माझं नाव घेतलं नव्हतंस. हे मला माहीत होतं. तरी मी ते सांगितलं.

हे सगळं मी काल रुपीबाईला सांगितलं. तिला सहा वर्षं एवढंच माहीत होतं की तिचा जेठ, म्हणजे तू, पिऊन आलास आणि हात गमावून बसलास. तिनं ताटातली भाकर तशीच ठेवली. म्हणाली, "त्या मानसाच्या नावाच्या पावतीवर आपन राह्यलो. त्याच्याच घरात बसून मी त्याच्या नावानं बोटं मोडली. मले आधी काहून नाई सांगतलं?"

मी म्हणालो, "तू हे घर सोडून गेली असतीस."

"आता बी जाईन," ती म्हणाली. ती गेली नाही.

नेमसिंग


पांढरकवडा
२१ जून १९६५

देवीलाल भिया,

तू साहेबांच्या खोलीतून मधेच उठून गेलास. त्यानंतर आत काय झालं ते तुला माहीत नाही. आणि स्टँडवर तू मला एक गोष्ट विचारलीस, तिचं उत्तर राहिलं. दोन्ही लिहितो.

तुला पाहून मी आधी ओळखलं नाही. केस पांढरे झाले आहेत. तू उजवा हात सदऱ्याच्या खिशात घालून बसला होतास, आणि मी तिकडे पाहणार नाही असं ठरवून आलो होतो. साहेबांनी तुझ्याकडून कोऱ्या कागदावर तीन वेळा सही करून घेतली, तेव्हा तू कागद सरकू नये म्हणून तो हात काढून टेबलावर ठेवलास. तेव्हा पाहिला. अंगठा आहे आणि करंगळीचं एक पेर. साहेबांनीही पाहिला. त्यांनी विचारलं, "त्रास होतो का?" तू म्हणालास, "थंडीत होते साहेब."

मग मी चार पानांची नक्कल पुढं केली आणि साहेब कारकुनाला म्हणाले, वाचा तो कागद. तो अगदी पहिल्या ओळीपासून वाचू लागला. मला वाटलं, पहिल्या पानावर थांबेल. थांबला नाही. तुझ्या तीन ओळी वाचल्या. चौथं पान उलटलं. 'माझा भाऊ देवीलाल त्या दिवशी दारू पिऊन' इथपर्यंत त्यानं वाचलं, आणि मी उभा राहिलो. मी काय म्हणालो ते तू ऐकलंस. "हे खोटं आहे साहेब. यानं दारूला कधी हात लावला नाही. दांडा मी ओढला होता." तेव्हा तू उठलास आणि बाहेर गेलास. खुर्ची तू परत सरळ करून ठेवलीस.

नंतरचं असं. साहेबांनी चष्मा काढला. साक्षीला आलेले नानाजी खिडकीकडे पाहत होते. मग साहेब म्हणाले, "हे मला सांगून काय उपयोग? मला फक्त तारीख पाहिजे होती. ती पहिल्या पानावर आहे." आणि कारकुनाला म्हणाले, "पुढची पानं फाइलीला लावू नका. काम नाही त्यांचं." कारकुनानं तीन पानं वेगळी करून माझ्या हातात दिली.

म्हणजे त्यांना माझ्या बोलण्याची गरजच नव्हती. मी गप्प बसलो असतो तरी काम झालं असतं. गाळा त्याच दिवशी माझ्या नावावर झाला असता.

मी साहेबांना विचारलं, "संमतीपत्र मागं घेता येते का?" ते म्हणाले, देणाऱ्यानं मागं घेतलं तर येते. मी म्हणालो, "देणारा घेणार नाही, पण मलाच नको आहे. गाळा त्याच्याच नावानं विकत जाऊ द्या." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, तसं असेल तर दुसरा अर्ज आहे, त्यावर त्यांची सही आणा, नवी सही आता मान्य झाली आहे.

तो अर्ज या पत्रासोबत आहे. यावर पेन्सिलीची फुली मी मारलेली नाही. कुठं सही करायची ते छापलेलं आहे. पहिला हप्ता मी भरतो आहे, त्याबद्दल पत्रात काही लिहू नकोस.

आता स्टँडवरचं. बाकावर तू आणि मी अर्धा तास बसलो. मी चहा आणला, तू घेतलास. गाडी लागली तेव्हा तू म्हणालास, "दांडा तुह्या हातात होता हे मले तवाच मालूम होतं. मी तुह्या पायाकडं पाह्यलं होतं, तू घाबरून मांग सरकला होता. ते मी सोडलं. पोरगा होता तू, फोरमन वरडला, झालं. पन दारूचं काहून सांगतलं? याडीपाशी काहून जाऊ देलं ते?"

कंडक्टरनं घंटी मारली आणि गाडी हलली.

उत्तर असं आहे की मी गाळ्यासाठी सांगितलं. आणि ते याडीपर्यंत जाईल याचा विचार केला नव्हता. हे पुरं खरं नाही. विचार केला होता. बापू दारूनं गेला, तिनं आपल्या दोघांना सेवालाल महाराजांच्या समोर उभं करून शपथ घ्यायला लावली होती, हे मी कसं विसरीन? मला वाटलं, चार दिवस रागावेल, मग तू तिला खरं सांगशील आणि ती माझ्यावर रागावेल. तू सांगितलं नाहीस. तिनं तुला म्हटलं, "मारे घरेमं मत रेस." माझ्या घरात राहू नको म्हणाली. तू हंसाबाईला घेऊन निघालास. मी ओट्यावर उभा होतो. तू माझ्याकडे पाहिलंस. त्या वेळी मी एक वाक्य बोललो असतो तर तू गेला नसतास.

तू तिला का सांगितलं नाहीस, हे मी सहा वर्षं स्वतःला विचारतो. तुला विचारण्याचा मला अधिकार नाही.

अर्जाची मुदत तीस जून आहे.

नेमसिंग


नेर
२५ नोव्हेंबर १९६५

देवीलाल भिया,

हे पत्र सतरा नंबरच्या पत्त्यावर टाकतो आहे. नानाजींनी कळवलं की दसऱ्याच्या नंतर तू आणि हंसाबाई राहायला आलात, आणि विक्रीचा कागद तुझ्या नावानं झाला. चावी मी मुद्दाम त्यांच्याजवळ ठेवली होती. मी असताना तू आला नसतास.

इथं नेरला एका जिनात मला काम मिळालं. पांढरकवड्याचं सुटलं. मी मॅनेजरला लेखी दिलं होतं की एकोणसाठची माझी जबानी खोटी आहे, आणि तुला भरपाई द्यावी. मॅनेजर म्हणाला, जुनं प्रकरण बंद झालं. यवतमाळला मजूर खात्यात गेलो, तिथंही मुदत संपली म्हणाले. तेव्हा त्यातून तुला काही मिळणार नाही. तिकडून परत आलो तर हंगामाच्या यादीत माझं नाव नव्हतं. मी वाद घातला नाही.

नेरला यायच्या आधी केळापूरजवळ आपल्या तांड्यावर गेलो होतो. तांडा चालवणाऱ्या नायकाच्या दारी लोक बसले होते. भीमसिंग काका होते, बापूच्या बरोबरीचे बाकीचेही होते. मी उभं राहून सांगितलं की देवीलाल प्यायला नव्हता, ते मी खोटं सांगितलं. भीमसिंग काकांना ऐकू कमी येतं, म्हणून मला तेच परत, मोठ्यानं सांगावं लागलं. लालीबाई फुई, बापूची बहीण, उठून आत गेली. तुला ती तांड्यावर घेत नव्हती ना, हळदीकुंकवालाही हंसाबाईला बोलावू देत नव्हती. थोड्या वेळानं बाहेर आली आणि म्हणाली, "तुह्या मायले कोन सांगीन आता?"

त्याबद्दल एक गोष्ट उरली आहे. ती तुला सांगितल्याशिवाय हे पत्र पुरं होत नाही.

याडी गेली त्याच्या दोन दिवस आधीची सकाळ. रुपीबाई नळावर गेली होती. याडीनं मला जवळ बोलावलं. आवाज अगदी बारीक झाला होता. आपल्या बोलीत म्हणाली, "नेमा, खरं सांग. देवला खरंच पिऊन होता का? मला त्याच्या तोंडाचा वास आला नव्हता. दवाखान्यात मी त्याच्या तोंडाजवळ गेले होते. मला वास आला नव्हता."

ती तीन वर्षं तो वास आठवत होती.

मी म्हणालो, "हाव याडी. होता."

तिनं मान हलवली. मग पाणी मागितलं, मी दिलं. त्यानंतर तिनं तुझं नाव घेतलं नाही.

दोन दिवसांनी ती गेली. तिला माहीत होतं की काय, हे मला सांगता येत नाही. कधी वाटतं, तिला सगळं माहीत होतं आणि मला एकदा बोलायची संधी देत होती. कधी वाटतं, तिनं माझ्यावर विश्वास ठेवला आणि तशीच गेली. यातलं कोणतं बरं, ते मला समजत नाही.

हे वाचून मला पत्र लिहू नये असं तुला वाटलं तर लिहू नकोस. घर तुझं आहे. त्यात तिची खाट ठेवायचा कोपरा खिडकीजवळचा. तिचं गोधडीचं गाठोडं रुपीबाईनं वरच्या फळीवर ठेवलं आहे, ते आम्ही आणलं नाही.

नेमसिंग


नेर
३ जुलै १९६६

देवीलाल भिया,

तुझं पत्र काल आलं. सात महिन्यांनी. रुपीबाईनं पोस्टमनच्या हातातून घेतलं, ती वाचू शकत नाही, पण अक्षरं कललेली पाहून तिनं ओळखलं. मी कामावर होतो. ती पत्र पदरात बांधून, लहानीला कडेवर घेऊन जिनापर्यंत चालत आली. फाटकावर मला म्हणाली, "वाचा. इथंच वाचा."

तू लिहिलंस: 'मोरीचं पाणी तुंबून राह्यलं. घरात येते. तू काय करत होता?'

बस, इतकंच आहे. खाली सही. मी ते रुपीबाईला दोनदा वाचून दाखवलं. तिनं विचारलं, "आनखी काही नाई?" मी म्हणालो, नाही. ती फाटकाच्या दगडावर बसली आणि पदर तोंडाला लावला. फाटकावरचा माणूस मला विचारू लागला की घरी कोणी गेलं का.

आता मोरीचं सांगतो. वसाहत बांधली तेव्हापासून ती तशीच आहे, उतार उलटा दिला आहे. बाहेरून काठी घालून काही होत नाही, मीही आधी तेच करत होतो. मोरीच्या डाव्या कोपऱ्यात एक काळी फरशी आहे, बाकीच्यांपेक्षा मोठी. तिच्या कडेला चुना नाही, नुसती बसवलेली आहे. तिच्याखाली कुंडी आहे. गाळ तिथं साचतो. फरशी उचलायची, गाळ काढायचा, दोन बादल्या पाणी सोडायचं. पावसाळ्यात दोन वेळा करावं लागतं.

पहार मी सोळा नंबरमधल्या धुरपताबाईकडे ठेवायचो, तिच्याकडेच असेल. ती मागितल्यावर देते, पण आधी दहा गोष्टी ऐकवते.

फरशी एकट्यानं उचलू नकोस. एकानं पहार लावून धरायची आणि दुसऱ्यानं खाली दगड सरकवायचा. मी असताना रुपीबाई दगड सरकवायची. हंसाबाईला ते सांगू नकोस, फरशी जड आहे, सुटली तर हातावर येते.

इथला जिन पावसाळ्यात बंद असतो. मी सध्या नुसता राखणीला आहे, आणि रविवारी तेही नाही. नेरहून सकाळी सहाला यवतमाळची गाडी निघते, तिथून पांढरकवड्याची मिळते. दुपारपर्यंत पोचतो.

तू नको म्हणालास तर येणार नाही. काही कळवलं नाहीस तर रविवारी येतो.

नेमसिंग